ग्रीक लोकव्हायोलिन शिकायचे आहे: विलाप आधी की नाच आधी?

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: ‘माझे वय ४७ असून मी बँकेत नोकरी करते. गेली बरीच वर्षे एका गुरुजींकडे हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिन शिकते आहे. मांडी घालून, गायकी अंगाने वाजवते आणि भजनांना साथही करते. मागच्या वर्षी ग्रीसमधल्या लोकव्हायोलिनची दोन ध्वनिमुद्रणे ऐकली आणि तेव्हापासून मन त्यातच अडकले आहे. एक एजियन समुद्रातल्या बेटावरच्या नाचाचे आहे, तर दुसरे इपिरस प्रांतातला संथ विलाप आहे. विलाप आलापासारखा असल्यामुळे तो मला जमेल असे वाटते. सुरुवात त्यानेच करू का? बैठक बदलावी लागेल का? तारा वेगळ्या जुळवायच्या का? स्वरलेखन कुठे मिळेल? शिक्षक कसा शोधावा आणि त्यासाठी ग्रीसला जायलाच हवे का? माझा मुलगा गिटार वाजवतो, त्याची काही मदत होईल का? आणि सर्वांत अवघड म्हणजे, हे गुरुजींना कसे सांगू?’

आपले पत्र मनापासून आवडले. वयाची काळजी मुळीच करू नये. ज्याच्या कानात सूर पक्के आहेत आणि ज्याला रोज वाद्य हातात घेण्याची सवय आहे, त्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसरी परंपरा शिकण्यात काहीच अडचण नसते. विलापाने सुरुवात करण्याचे आपण जवळजवळ ठरवूनच टाकलेले दिसते, माझा सल्ला मात्र त्याच्या उलट आहे. बेटांवरच्या नाचापासून सुरुवात करावी आणि विलाप निदान एक वर्ष फक्त ऐकावा.

याचे कारण विलाप कठीण आहे हे नाही. तो आपल्याला फार सोपा वाटेल आणि तिथेच घोटाळा होईल. इपिरस हा ग्रीसचा वायव्येकडचा डोंगराळ प्रांत, इओआनिना शहराच्या आसपासचा. तिथल्या जुन्या सुरावटी अर्धस्वरांतर नसलेल्या पाच स्वरांवर उभ्या असतात, आणि आपल्या भाषेत ते स्वर म्हणजे षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. हे धानी रागाचे स्वर झाले. इतकी वर्षे रागसंगीत वाजवलेला हात या स्वरांवर पडताच ओळखीच्या वाटेने चालू लागेल, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) लांबत जाईल, बढत, म्हणजे रागाचा हळूहळू विस्तार, सुरू होईल आणि एखाद्या दुपारी घरात उत्तम धानी वाजेल. पण ती मिरोलोई नसेल. मिरोलोई हा मुळात मृतासाठी बायकांनी गायचा विलाप आहे. तो वाद्यावर आला तेव्हा हुंदका आणि वरच्या स्वरावरून खाली ओघळणारा सूर हेही त्याच्यासोबत आले. त्यात राग उलगडत नेण्याचा विचार नाही. एक छोटे वाक्य म्हटले जाते, ते खाली घसरत स्थिरावते, बाकीची वाद्ये आधारस्वर धरून राहतात आणि पुन्हा तेच वाक्य थोडे बदलून येते. इपिरसच्या पोगोनी भागातल्या गावजत्रांची सुरुवात याच विलापाने होते. आधी गेलेल्या माणसांची आठवण काढली जाते आणि नाच त्यानंतर सुरू होतो. हा संदर्भ आणि ही वाक्ये कानात मुरायला वेळ द्यावा लागतो. तोपर्यंत अलेक्सिस झूंबास यांचे वादन शोधून ऐकावे. इओआनिनाजवळच्या एका गावात १८८३ साली जन्मलेला हा वादक १९१० मध्ये अमेरिकेला गेला, आणि त्याने १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेली मिरोलोई अजूनही अंगावर काटा आणते. ती ऐकताना व्हायोलिन पेटीत बंद असू द्यावे.

महाराष्ट्राचे लोकगायन शिकायचे आहे असे कोणी म्हणाले, तर लावणी, भारूड की गोंधळ, असे आपण लगेच विचारू. ग्रीक व्हायोलिनचेही तसेच आहे. मुख्य भूमीवर, विशेषतः इपिरसमध्ये, ‘कोंपानिया’ नावाचा वाद्यमेळ असतो. त्यात एकोणिसाव्या शतकात आलेले क्लॅरिनेट आज पुढारीपण करते, तर व्हायोलिन त्याच्यामागून सूर विणत राहते. एजियन बेटांवर चित्र वेगळे आहे. तिथे व्हायोलिन आणि लाउतो, म्हणजे लांब मानेचे, पोलादी तारांच्या चार जोड्यांचे तंतुवाद्य, ही जोडी सगळी रात्र उचलून धरते. बऱ्याच बेटांवर व्हायोलिनने लिरा या गजाने वाजवायच्या जुन्या वाद्याची जागा घेतली, कार्पाथोस आणि कासोसमध्ये मात्र लिराच टिकून राहिली. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या स्मिर्ना शहराची तिसरी तऱ्हा आहे, मकामांच्या, म्हणजे तुर्की-अरबी संगीतातल्या रागांसारख्या साच्यांच्या, अंगाने जाणारी. तुर्कस्तानशी झालेल्या युद्धातल्या ग्रीसच्या १९२२ सालच्या पराभवानंतर आणि या दोन देशांतल्या १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीनंतर निर्वासितांबरोबर ती अथेन्स आणि पिरियसमध्ये रुजली. ‘सालोनिकिओस’ म्हणून ओळखले जाणारे दिमित्रिस सेमसिस हे त्या काळातले मोठे नाव. गायिका रोझा एस्केनाझी यांच्या गाण्यांमागे त्यांचे व्हायोलिन ऐकू येते, आणि आपल्यासारख्या गायकी अंगाच्या वादकाला ते फार आवडेल यात मला शंका नाही.

क्रीट बेटाची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि आपल्याला ती माहीत असलेली बरी. बेटाच्या पश्चिमेला किसामोस भागात आणि पूर्वेला सितियाच्या बाजूला व्हायोलिन पिढ्यानपिढ्या वाजत आले आहे. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यावर ग्रीसच्या राष्ट्रीय रेडिओने क्रीटच्या संगीतातून व्हायोलिनला वगळले, कारण तिथले अस्सल वाद्य लिराच असा अधिकाऱ्यांचा आग्रह होता. कोस्तास पापादाकिस, ज्यांना सगळे ‘नाफ्तिस’ म्हणत, त्यांच्यासारख्या किसामोसच्या वादकांना तो अन्याय आयुष्यभर बोचत राहिला. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दाराबाहेर ठेवले होते, हे आठवले की त्यांचे दुःख समजायला वेळ लागत नाही. क्रीटमध्ये व्हायोलिन ‘खरे’ नाही, असे सांगणारे लोक आजही भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये आणि त्यांचे ऐकून निर्णयही घेऊ नये.

आता निवडीविषयी. मी आपल्या जागी असते तर नॅक्सोस बेट निवडले असते आणि पहिले वर्षभर त्याच्या बाहेर पाऊल टाकले नसते. तिथली ध्वनिमुद्रणे मुबलक मिळतात, स्तातिस कुकुलारिस यांच्यासारख्या नामवंत वादकाचे वादन सहज ऐकता येते आणि सिर्तोस व बालोस या दोन नाचांभोवती बरेच काही फिरते. सिर्तोस हातात हात धरून साखळीने करायचा नाच आहे आणि बालोस जोडीने. वादक पुष्कळदा एकातून न थांबता दुसऱ्यात शिरतात. त्या वळणावर व्हायोलिनचा गज कसा आखूड होतो, सुरावट लांब ओळी सोडून छोट्या छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांवर कशी उतरते, हे ऐकण्यासारखे असते. वेगवेगळ्या बेटांची चार-चार गाणी गोळा केली तर वर्षाअखेरीस हाताशी सुरावटी असतील, पण ढंग एकाचाही नसेल. एका बेटाचे सहा सिर्तोस नीट आले तर सातवा निम्मा आपोआप येतो.

पहिला महिना व्हायोलिनला हातही न लावता नाच शिकावा, असे सुचवले तर आश्चर्य वाटेल, पण या शिक्षणाचा पाया तोच आहे. सिर्तोसची चाल लांब, आखूड, आखूड अशी असते. दर आवर्तनात तीन पावले, आणि चार आवर्तनांत बारा पावलांचा एक फेरा पूर्ण होतो. साखळी उजवीकडे सरकते आणि फेऱ्याच्या शेवटी किंचित मागे ओढ घेते. घरातल्या मोकळ्या जागेत, ध्वनिमुद्रण लावून, रोज दहा मिनिटे ही पावले टाकावीत, म्हणजे पाय आपोआप पडू लागतात. कालामातियानोस या नाचाची पावले हीच, फक्त मात्रा सात, तीन-दोन-दोन अशा विभागांच्या. हे वाचताच आपल्याला रूपक ताल आठवला असेल, आणि विभाग खरोखर तेच आहेत. पण रूपकात पहिल्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे वजन नसलेली जागा, असते, इथे मात्र पहिल्या तीन मात्रांवर नर्तकाच्या शरीराचे सगळे वजन पडते. तेव्हा मनात ‘ती ती ना’ म्हणत वाजवू नये, पाऊल जिथे जड पडते तिथे गज जड पडावा.

त्यानंतर गज. आपला गज लांब, अखंड आणि एकसारखा आहे, गायकी अंगासाठी तो तसाच असायला हवा. व्हायोलिनवादक पं. डी. के. दातार यांच्या वादनात एकेक स्वर गळ्यातून आल्यासारखा येतो, तो याच गुणामुळे. बेटांवरच्या नाचात तो गज बाजूला ठेवावा लागतो. गजाचा मधला वीतभर भागच वापरून पाहावा. एकाच मोकळ्या तारेवर, डी तारेवर, लांब-आखूड-आखूड ही चाल वाजवावी: लांब ठोक्याला गज खाली ओढताना सुरुवातीला थोडा दाब आणि लगेच सैल, पुढचे दोन ठोके हलके. तार तीच, स्वर तोच, दुसरे काहीही नाही. हे इतके वाजवावे की शेजारच्या खोलीतल्या माणसाचा पाय हलू लागेल. मग शेजारची ए तार जोडीला घ्यावी, म्हणजे आधारस्वर सतत गुंजत राहील, कारण बेटांवरच्या वादनात मोकळी तार सुरावटीच्या जोडीने वाजत ठेवण्याची पद्धत फार आहे. सुरावट त्यानंतर. एका गजात कोणते दोन स्वर बांधले आहेत आणि कोणता सुटा ठेवला आहे, हे ध्वनिमुद्रण हळू करून बारकाईने ऐकावे. त्या बांधणीमुळेच वजन कधी ठोक्यावर, कधी ठोक्याच्या किंचित पुढे पडते आणि नाचाला उसळी मिळते. स्वर सगळे बरोबर आणि बांधणी चुकलेली असेल, तर वादन शाळेतल्या पाठासारखे सपाट लागते.

डाव्या हाताचे काम त्या मानाने लवकर होईल. आपल्या शिक्षणातला कण आणि खटका, म्हणजे शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श आणि झटका, इथे थेट उपयोगी पडतो. पहिले बोट तारेवर दाबून ठेवलेले असताना वरचे बोट वजन न टाकता तारेला चटकन शिवून परत उचलायचे, हा इथला रोजचा अलंकार आहे. तो ऐकणाऱ्याला वेगळा स्वर म्हणून कळू नये, फक्त स्वराला धार यावी. मींड मात्र वर्षभर बाजूला ठेवावी. बेटांच्या नाचात लांब घसीट आली की पाऊल अडखळते.

स्वरांबद्दल एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. ग्रीक वादक ज्याला हिजाझ म्हणतात, त्याचे स्वर कागदावर मांडले तर बसंत मुखारी रागाचे दिसतात: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद. निषाद शुद्ध झाला की तोच साचा भैरव रागाचा होतो आणि त्याला हिजाझकार हे नाव आहे. ही ओळख आनंदाची आहे, पण ती उंबरठ्यावरच सोडावी. भैरवातला कोमल रिषभ खाली उतरतो आणि आंदोलन घेतो. हिजाझमध्ये मात्र परंपरेने वाजवणाऱ्यांचा दुसरा स्वर पियानोवरच्या कोमल रिषभापेक्षा किंचित वर असतो, तिसरा किंचित खाली, म्हणजे दोघांमधली फट थोडी अरुंद होते आणि आंदोलन तर तिथे नसतेच. उसाक नावाच्या सुरावटीत दुसरा स्वर चढताना थोडा वर आणि उतरताना थोडा खाली सरकतो. आपल्या कानाला श्रुतींची सवय आहे, त्यामुळे हा फरक ऐकू येणे सोपे जाईल. अवघड आहे ते बोटाला जुन्या जागी जाऊ न देणे. पहिल्या काही आठवड्यांत फक्त हिजाझचे पहिले चार स्वर, एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रणाच्या जोडीने, त्याच्याशी जुळवून वाजवण्याचा रियाज ठेवावा.

बैठकीविषयी आपण विचारले आहे. मांडी घालून, वाद्याचे डोके पायावर टेकवून वाजवल्याने सूर चुकीचे येत नाहीत, त्यामुळे कोणी तसे म्हणाले तर मनावर घेऊ नये. तरीही बैठक बदलावी असे मी म्हणेन. आपल्या बैठकीत डावा हात तारेवर वरखाली सरकायला मोकळा राहतो, मींडेसाठी ती सोयीचीच रचना आहे. बेटांवरच्या वादनात हात बहुतांशी मानेच्या टोकाशी एकाच जागी राहतो आणि सगळे काम बोटांच्या आघाताने होते. वाद्य खांद्याशी, गळ्याजवळच्या हाडावर टेकवून, खुर्चीवर बसून वाजवावे. गावातले जुने वादक ते थोडे खाली, छातीकडे झुकवूनही धरतात. मानेवर आणि डाव्या खांद्यावर नवा ताण येईल, म्हणून पहिले दोन महिने एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नये. बँकेत दिवसभर संगणकासमोर बसल्यानंतर तर मुळीच नाही. दुखणे दोन-तीन दिवसांत थांबले नाही, तर भौतिकोपचारतज्ज्ञाला दाखवावे.

तारांसाठी शक्य असेल तर दुसरे, साधे व्हायोलिन घ्यावे. आपण प-सा-प-सा जुळवत असाल किंवा सा-प-सा-प, दोन्ही जुळण्या ग्रीक वादनाला अडचणीच्या होतील, आणि एकच वाद्य रोज वरखाली जुळवण्याने तारा तुटतात. सुरुवातीला पाश्चात्त्य जुळणीच ठेवावी: जी, डी, ए, ई. पुढे ‘अला तुर्का’ ही जुळणीही भेटेल. तिच्यात सर्वांत वरची तार ई वरून डी वर उतरवतात, त्यामुळे डी हा आधारस्वर दोन सप्तकांत घुमतो. खालच्या स्वरात जुळवलेल्या वाद्यावर नव्या तारा चढवताना चारही तारा थोड्या थोड्या, आळीपाळीने ताणाव्यात. तारा ताणल्या जात असताना घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीचा) माथा बोटपट्टीकडे ओढला जातो, तो दर वेळी पाहून घोडी सरळ उभी करावी, नाहीतर ती कोसळते. शिक्षक ‘रे’ म्हणतील तेव्हा तो पाश्चात्त्य डी असेल, आपला रिषभ नव्हे, एवढे लक्षात ठेवले की पहिल्याच तासाला होणारा गोंधळ टळेल.

स्वरलेखनाची पुस्तके मिळतात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. आपण भातखंडे पद्धतीने सुरावटीचा नुसता सांगाडा लिहून ठेवलात तर हरकत नाही, मात्र गजाची बांधणी आणि अलंकार कागदावर उतरत नाहीत. गाणे आधी गळ्यात बसवावे. ग्रीक लिपी वाचायला शिकणे अवघड नाही, आणि दोम्ना सामियू यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर कितीतरी लोकगीतांचे शब्द इंग्रजी अनुवादासह मिळतात. सामियूबाईंनी आयुष्यभर गावोगाव फिरून ती गाणी गोळा केली. ग्रीक लोकगीतांची एक फार प्रचलित ओळ पंधरा अक्षरांची असते आणि तिच्यात आठव्या अक्षरानंतर थांबा येतो. ती ओळ मोठ्याने म्हटली की सुरावटीत श्वास कुठे घ्यायचा हे आपोआप कळते. त्याखेरीज ध्वनिमुद्रणाचा वेग कमी करूनही स्वर न बदलणारे एखादे मोबाइलवरचे साधन घ्यावे. जुन्या तबकड्यांचा वेग नेहमीच अचूक नसतो, त्यामुळे स्वर अर्धामुर्धा वरखाली लागला तर आपल्या कानाला दोष देऊ नये, साधनातूनच तो स्वर सरकवून घ्यावा.

आपण भजनाला साथ करता, त्याचा फायदा होईल, पण एक सवय उलटी करावी लागेल. साथीचे व्हायोलिन गायकाच्या मागून चालते. बेटावर व्हायोलिनवादक पुढे असतो: तो सुरावट मांडतो, मग गायक ओळ घेतो, ओळ संपली की व्हायोलिन ती पुन्हा आपल्या हाती घेते. वादकाची नजर गायकावरही नसते. साखळीच्या टोकाशी जो पहिला नर्तक असतो, त्याच्या पावलांकडे बघून तो वेग ठरवतो, एखादा तुकडा लांबवतो किंवा आवरता घेतो. गावजत्रेत नर्तक आपल्या आवडीचे गाणे वाजवायला सांगतो आणि वादकांना पैसे देतो, तेव्हा ते वादन त्याच्यासाठीच असते.

मुलाच्या गिटारचा उपयोग फार मोठा आहे, कारण लाउतोशिवाय हे व्हायोलिन एकटे शिकता येते, पण पूर्ण होत नाही. त्याला सांगावे की कॉर्ड कमीत कमी ठेव. पहिल्या सिर्तोससाठी डी आणि ए या दोन आधारस्वरांवर लांब-आखूड-आखूड ही चाल न चुकता धरली तरी पुरे. त्याने व्हायोलिनच्या मागे न धावता आपली चाल सोडायची नाही, आणि आपण त्याच्या चालीवर टेकून मोकळे व्हायचे. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, दोघांनी एकच सुरावट न थांबता वाजवावी. नाचासाठी एक सुरावट दहा-पंधरा मिनिटेही चालू शकते आणि ती तशी चालवण्याचा दम हाच इथला रियाज आहे.

शिक्षक ऑनलाइन मिळू शकतो. ग्रीसची वेळ हिवाळ्यात भारताच्या साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे असते, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला तिकडे संध्याकाळ असते आणि नोकरी सांभाळून तास ठरवता येतो. संगीतकार रॉस डेली यांनी १९८२ साली स्थापन केलेली ‘लॅबिरिंथ’ ही संगीतशाळा क्रीटमधल्या हुदेत्सी गावात आहे. तिथे जगभरातले विद्यार्थी उन्हाळी शिबिरांसाठी येतात, आणि परक्या परंपरेतून आलेल्या माणसाला कसे शिकवावे याचा तिथल्या मंडळींना अनुभव आहे. कोणाही शिक्षकाशी पैसे ठरवण्याआधी एक तास करून पाहावा आणि त्यांना स्पष्ट विचारावे की आपण कोणत्या बेटाचे किंवा गावाचे वाजवता, आणि नाचणाऱ्यांसाठी वाजवता का. ‘मी सगळ्या ग्रीसचे शिकवतो’ असे उत्तर आले तर नम्रपणे दुसरा शिक्षक शोधावा. आपली हिंदुस्थानी तयारी त्यांना पहिल्याच तासाला वाजवून दाखवावी, म्हणजे कुठली सवय आड येते ते त्यांच्या लगेच लक्षात येईल.

ग्रीसला पहिल्या वर्षी जाऊ नये. जाल तेव्हा पंधरा ऑगस्टच्या आसपास जावे, कारण त्या दिवशी मरियामातेचा सण असतो आणि गावोगाव रात्रभर जत्रा चालतात. शेंगेन व्हिसासाठी उन्हाळ्याच्या आत अर्ज करावा आणि बेटांवरच्या राहण्याची सोयही लवकर करावी. तिथे आपले व्हायोलिन बाहेर काढू नये. लाउतोवादकाच्या जवळची जागा धरून त्याचा उजवा हात बघावा, आणि कोणी हात पुढे केला तर साखळीच्या शेवटी जाऊन नाचावे. घरात गिरवलेली बारा पावले तिथे कामाला येतील.

आता गुरुजी. ही गोष्ट त्यांच्यापासून लपवू नये, कारण त्यांना ती हाताच्या वळणातून कळल्याशिवाय राहणार नाही, आणि तशी कळली तर त्यांना जास्त वाईट वाटेल. पहिला ऑनलाइन तास ठरवण्याआधीच त्यांच्याकडे जावे, आपल्याला जे ऐकून ओढ लागली ते त्यांना ऐकवावे आणि परवानगी मागावी. रागाचा रियाज सकाळी, जुन्या व्हायोलिनवर, मांडी घालून, आणि ग्रीक रियाज संध्याकाळी, दुसऱ्या वाद्यावर, खुर्चीवर बसून, अशी आपण आखणी केली आहे हेही सांगावे. दोन्ही हात एकमेकांत मिसळणार नाहीत याची आपल्याला काळजी आहे, हे त्यांना त्यातून दिसेल. त्यांना काय ऐकवावे याचाही विचार करावा. विलाप ऐकवलात तर ‘हे तर आपल्याकडेही आहे’ असे ते म्हणतील आणि बोलणे तिथेच संपेल. त्यापेक्षा हिजाझमधले एखादे जुने वादन ऐकवावे आणि त्यातला दुसरा स्वर नेमका कुठे लागतो आहे, हे त्यांनाच विचारावे. ज्याने आयुष्यभर भैरवाचा रिषभ शिष्यांच्या बोटांतून घडवला, असा गुरू तो प्रश्न टाळणार नाही. आणि त्या स्वराची जागा ऑनलाइन शिक्षकाच्या आधी कदाचित तेच आपल्याला पक्की करून देतील.